विदर्भ वेगळा होईल, पण सत्ता कोणाची येईल?



दरवर्षी १ मे ला इकडे झेंडावंदन होतं आणि तिकडे विदर्भवादी काळा दिवस पाळतात. मग मंगरुळपीर, मानोरा, रिसोडकडची आपली पोरं विचारतात, "दादा, आपण त्यांच्यासोबत जायचं की नाही?" बहुतेक कार्यकर्ते यावर गुळमुळीत उत्तर देतात. मी देणार नाही.

आधी 'फुटीर' या शिवीचा हिशेब करू. नवं राज्य मागणं म्हणजे देश तोडणं नव्हे. संविधानाच्या कलम ३ नुसार संसद साध्या बहुमताने राज्य बनवू शकते. राज्याच्या विधानसभेचं फक्त मत विचारलं जातं, तिची परवानगी लागत नाही. आणि बाबासाहेबांनी तर १९५५ च्या भाषावार राज्यांवरील पुस्तकात मराठी मुलखाचे मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व असे चार भाग सुचवले. अकोला जिल्हा त्यांनी पूर्व महाराष्ट्रात धरला. तेव्हा वाशिम अकोल्यातच होतं, जिल्हा झाला १९९८ मध्ये. म्हणजे तुमचं-माझं गाव त्या नकाशात आहे. अखंड महाराष्ट्राच्या नावाने गळा काढणाऱ्यांनी आधी त्या पुस्तकाशी भांडावं.

पण विदर्भवाद्यांनी ते पुस्तक अर्धंच वाचलंय. बॅनरवर बाबासाहेबांचा फोटो आणि भाषणात 'छोटी राज्यं', एवढंच ते घेतात. उरलेल्या अर्ध्यात बाबासाहेब सांगतात की अशा राज्यात संख्येने मोठी असलेली जात सत्ता गिळते आणि गावातला दलित तिच्या दयेवर जगतो. म्हणून अल्पसंख्याकांना संरक्षण द्या, दोन-तीन सदस्यांचे मतदारसंघ करा, आणि मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देण्याची मुभा ठेवा, असं ते मागतात. ही मागणी विदर्भाच्या एकाही व्यासपीठावरून मी आजवर ऐकली नाही. ऐकू येतो तो कोळसा, वीज, संत्रा, कापूस आणि सिंचनाचा अनुशेष. अनुशेष खरा आहे, नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपलं वाशिम होतं. पण अनुशेष फक्त पाटाच्या पाण्याचाच असतो का?

आता या पक्षांनी दिल्लीत काय केलं ते बघा. १९६२ ला बापूजी अणे नाग विदर्भ आंदोलन समितीच्या पाठिंब्यावर नागपूरमधून लोकसभेत गेले. १९७१ ला विदर्भवीर जांबुवंतराव धोटे फॉरवर्ड ब्लॉककडून निवडून आले. त्यांचा आवाज मोठा, माणूसही मोठा. पण १९८० ला तेच धोटे इंदिरा काँग्रेसचे खासदार होते. बनवारीलाल पुरोहित काँग्रेसमधून भाजपमध्ये गेले, मग त्यांनी स्वतःचा विदर्भ राज्य पक्ष काढला. तो चालला नाही. परत भाजप, आणि पुढे थेट राजभवन. विदर्भ राहिला तिथंच. राष्ट्रीय पक्षांनी या मागणीचा उपयोग नेते वेचण्यासाठी केला, राज्य देण्यासाठी नाही.

भाजपने १९९७ ला भुवनेश्वरमध्ये विदर्भाचा ठराव केला. २००० मध्ये वाजपेयी सरकारने छत्तीसगड, उत्तराखंड, झारखंड दिले. विदर्भ का नाही? कारण मित्रपक्ष शिवसेनेचा विरोध होता. आणि शिवसेनेला ताकद कुठून मिळत होती? आपल्याकडूनच की! १९९९ पासून २०१९ पर्यंत आधी वाशिम आणि मग यवतमाळ-वाशिम मतदारसंघाने सलग पाच वेळा शिवसेनेचा खासदार दिला. २०२४ ला निवडून आला तोही दुसऱ्या शिवसेनेचा. विदर्भाला नाही म्हटल्याने एकही जागा जात नाही हे दिल्लीला कळलंय. ज्या मागणीमागे मत नाही तिला दिल्लीत कोण विचारतो?

तेलंगणात मत होतं. २००१ ला टीआरएस निघाली. २००४ ला ती काँग्रेससोबत केंद्रात बसली, २००६ ला बाहेर पडली आणि २०१४ ला राज्य घेऊनच थांबली. विदर्भवादी हे उदाहरण मोठ्या आवडीने देतात. पण पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. के. चंद्रशेखर राव यांनी पहिला मुख्यमंत्री दलित असेल असं जाहीरपणे सांगितलं होतं. राज्य आलं आणि स्वतःच खुर्चीत बसले. २०२३ ला हैदराबादेत बाबासाहेबांचा १२५ फुटी पुतळा उभा राहिला, सचिवालयालाही बाबासाहेबांचं नाव मिळालं. पुतळा मिळाला, नाव मिळालं, खुर्ची नाही मिळाली!

आणि खैरलांजी विसरलात का? २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, विदर्भ. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारणारे पुण्या-मुंबईहून आले नव्हते. खटला भंडाऱ्यात चालला, अपील नागपूर खंडपीठापुढे झालं, आणि दोन्हीकडे ॲट्रॉसिटी कायदा टिकला नाही. मंत्रालय मुंबईहून नागपूरला आणलं म्हणून गावातला पाटील बदलतो का? कन्नमवार, वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक, फडणवीस असे चार मुख्यमंत्री विदर्भाने दिले. वसंतराव तर आपल्या शेजारच्या पुसदचे, अकरा वर्षं खुर्चीत. प्रदेश आपला असला की सत्ता आपली होते हा भ्रम तेवढ्यानेच फिटायला हवा होता.

मी विदर्भाच्या विरोधात नाही. राज्य व्हावं असंच मला वाटतं. विदर्भात आपली संख्या पसरलेली आणि जागी आहे. १९९८ ला रिपब्लिकनांचे चार खासदार निवडून आले, त्यातले तीन विदर्भातले होते, अकोला, अमरावती आणि चिमूर. काँग्रेसशी युती होती हे मान्य, पण जागा खुल्या होत्या. ही ताकद फुकट का द्यायची? त्यांच्या मोर्चात आपण सतरंज्या उचलायच्या आणि राज्य झाल्यावर मंत्रिमंडळाच्या यादीत समाजकल्याण खात्याची वाट बघायची, हे आता पुरे.

म्हणून विदर्भवादी पक्षाचे लोक पाठिंबा मागायला आले तर त्यांच्याकडून चार गोष्टी लेखी घ्या. बाबासाहेबांनी सुचवलेले बहुसदस्यीय मतदारसंघ तुमच्या मसुद्यात आहेत का? ई-क्लास जमिनीवर पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्यांची नावं सातबाऱ्यावर कधी चढवणार? ॲट्रॉसिटीच्या खटल्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र न्यायालय देणार का? आणि तुमच्या पक्षाच्या कार्यकारिणीत आज, राज्य होण्याआधी, बौद्ध, मातंग, आदिवासी, भटके किती आहेत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर त्यांना तिथंच, बोटांवर मोजून देता येईल.