‘फर्स्ट जॉब’ शिकवायच्या आधी

ब्रिटिश कौन्सिलने राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांच्यासोबत ‘तेजस’ उपक्रम चालवला, त्यात इंग्रजीचे शिक्षक आपापल्या भागात गटाने बसून एकमेकांकडून शिकले. अशा गटांत बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या, सगळ्याच गुरुजी-बाईंना माझी एक विनंती आहे.

‘फर्स्ट जॉब’ हा विषय वर्गात आला की आपण फळ्यावर सॅलरी, बॉस, इंटरव्ह्यू असे शब्द लिहून त्यांचे अर्थ सांगतो. तिथेच निम्मा वर्ग हातातून जातो. परदेशी पुस्तकातली पहिली नोकरी म्हणजे पहाटे पेपर टाकणं, नाहीतर सुट्टीत कॅफेत काम करणं. आपल्या मुलांना त्यात आपलं कुणीच दिसत नाही.

त्याऐवजी पहिली पाच मिनिटं मुलांना विचारू द्या. तुमची पहिली नोकरी कोणती, हे सांगू नका, त्यांना ओळखू द्या. ‘डिड यू वेअर अ युनिफॉर्म?’, ‘डिड यू वर्क ॲट नाइट?’ असे प्रश्न त्यांनी करायचे, तुम्ही फक्त यस किंवा नो म्हणायचं. भूतकाळाचा सराव यात आपोआप होतो आणि व्याकरणाचं नावही घ्यावं लागत नाही. एखादं मूल अडलं तर मराठीत विचारू द्या, मग तोच प्रश्न सगळ्यांनी मिळून इंग्रजीत करा.

मग ओळखीची माणसं आणा. बंगळूरमध्ये बस कंडक्टर असलेला मराठी घरातला मुलगा कोण? रजनीकांत. सोलापूरच्या न्यायालयात शिपाई असलेले आणि पुढे देशाचे गृहमंत्री झालेले कोण? सुशीलकुमार शिंदे. मोठ्या वर्गाला आनंदीबाई जोशींबद्दल जरूर सांगा. १८८६ साली कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली, पण ते काम त्यांच्या हातून होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. ‘पहिल्या दिवशी त्या रुग्णांना काय म्हणाल्या असत्या?’ एवढं विचारा. उत्तर द्यायला मुलं मोडकंतोडकं का होईना, इंग्रजी बोलतात.

एक काळजी मात्र घ्याच. ‘तू कोणतं काम केलंस?’ असं मुलांना थेट विचारू नका. ऊसतोडीला जाणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या घरातल्या मुलाने काम खरोखरच केलेलं असतं आणि चारचौघांत ते सांगणं त्याला जड जातं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं कायद्याने बंद आहे, म्हणून काहींना घरच्यांची भीतीही वाटते. त्यापेक्षा आजी, मामा, शेजारचे काका यांची पहिली कमाई किती होती आणि तिचं त्यांनी काय केलं, हे विचारून यायला सांगा. ज्याला सांगायचं नसेल त्याला ऐकू द्या.

यासाठी पैसा लागत नाही, प्रोजेक्टर लागत नाही. पुढच्या तासाला पुस्तक मिटलेलंच ठेवा आणि पहिला प्रश्न मुलांकडून येऊ द्या.