गासडीवर छाप एक, आत माल दुसरा!

गिरणी कामगार बंधूंनो आणि भगिनींनो,

गासडीवर छाप उंची कापडाची आणि पट्ट्या तोडल्या की आत चिंध्या! असा माल बाजारात गेला तर व्यापारी तो तोंडावर फेकील. पण दिल्लीच्या पार्लमेंटात असल्या गासड्या बिनबोभाट पास होतात. बिलाचं नाव एक, पोटातलं कलम दुसरं. नाव जनतेचं, कलम मालकाचं!

पुरावा पाहिजे? घ्या. १ फेब्रुवारी २०१७ ला अर्थमंत्री अरुण जेटली यांनी बजेट मांडलं. बजेटाबरोबर वित्त विधेयक येतं. त्यात कर किती बसवायचा, कुठला उठवायचा, हे असावं. पण ह्या विधेयकाच्या पोटात रिझर्व्ह बँकेचा कायदा बदलला, निवडणुकीचा कायदा बदलला आणि निवडणूक रोख्यांची वाट मोकळी केली. तेवढ्यानं भूक भागली नाही. मार्च महिन्यात आयत्या वेळी दुरुस्त्या आणून कंपनी कायद्यातही हात घातला.

आधी नियम असा होता की कंपनीनं मागल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच राजकीय देणगी द्यावी आणि कुठल्या पक्षाला दिली ते हिशेबात दाखवावं. दोन्ही अटी उडाल्या! मग नफा नसलेली कंपनीसुद्धा पाहिजे तेवढा पैसा देऊ शकत होती आणि नाव सांगायची गरज नव्हती. बोनस मागायला गेलं की मालक म्हणतो, "तोटा आहे, कुठून देऊ?" मग पुढाऱ्याला द्यायला कुठून येतो रे बाबा?

आणि आमचं काय? त्या वेळी लागू असलेल्या १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यानं आमच्या युनियनला सांगितलं होतं, राजकारणाचा फंड वेगळा ठेवा, वर्गणीची सक्ती करू नका, दर साल तपासलेला हिशेब सरकारात भरा. कामगाराच्या दहा रुपयांना पावती, मालकाच्या दहा कोटींना पडदा! हा कुठला न्याय?

त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. प्रॉव्हिडंट फंडाची अपिलं ऐकणारं वेगळं न्यायाधिकरण मोडून ते औद्योगिक न्यायाधिकरणात मिसळलं. बंधूंनो, हा आपला फंड! आपल्या घामाच्या पैशाचं अपील कुणापुढं चालायचं ते बजेटाच्या बिलात ठरलं. किती गिरण्यांच्या दारात ह्याची बातमी आली? तुम्हीच सांगा.

हे बजेटाच्याच बिलात का घुसवलं? मेख इथंच आहे. घटनेच्या ११० व्या कलमाखाली बिल 'धन विधेयक' ठरलं की राज्यसभेनं फक्त शिफारशी करायच्या. मानणं न मानणं लोकसभेच्या मर्जीवर. राज्यसभेनं २९ मार्च २०१७ ला पाच दुरुस्त्या सुचवल्या, दुसऱ्याच दिवशी लोकसभेनं त्या फेटाळल्या. खेळ खलास! ते म्हणतात, रोखे म्हणजे पैसाच, मग धन विधेयक का नको? अहो, ११० वं कलम म्हणतं, त्यात 'केवळ' सरकारी कर, कर्ज, खजिना असलेच विषय असावेत. कंपनीनं आपल्या वहीत पक्षाचं नाव लपवावं, ह्याचा सरकारी खजिन्याशी काय संबंध?

१५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं रोखे घटनाबाह्य ठरवले, कंपन्यांची अमर्याद देणगीही रद्द केली. चांगलं झालं. पण तोवर सुमारे १६,५०० कोटींचे रोखे विकले गेले होते! निकाल आला, पैसा परत आला नाही.

कुणी म्हणेल, हे एकाच पक्षाचं पाप. नाही! २०१४ साली दिल्ली हायकोर्टानं ठपका ठेवला की भाजप आणि काँग्रेस ह्या दोघांनीही परदेशी कंपनीच्या गोतावळ्यातून देणग्या घेऊन कायदा मोडला. मग २०१६ च्या वित्त कायद्यात 'परदेशी' ह्या शब्दाची व्याख्याच मागल्या तारखेपासून बदलली. ते पांघरूण तोकडं पडलं, म्हणून २०१८ च्या वित्त कायद्यात ते थेट १९७६ पर्यंत ओढलं. ४२ वर्षं मागं! त्या साली लोकसभेनं ते वित्त विधेयक चर्चा न करता पास केलं. बाहेर कुस्ती, आत दोस्ती.

मुंबईच्या गिरणगावाला ही विद्या नवी नाही. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते. एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियमात थोडे शब्द बदलले. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, बांधकामाखालची जमीन वगळली. थोड्याशा शब्दांत एकरच्या एकर मालकाच्या पदरात पडले! सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली तो बदल कायम केला. कामगाराच्या घराचा वाटा कुणी बंदूक दाखवून नेला नाही. पेनानं नेला.

आणि आपल्या राज्याचंच घ्या. १९५६ च्या ऑगस्टात राज्य पुनर्रचनेच्या बिलात आयत्या वेळी दुरुस्ती आणून द्विभाषिक मुंबई राज्य आपल्या गळ्यात बांधलं. मराठी कामगारानं ती दुरुस्ती रस्त्यावर वाचून दाखवली, मतपेटीत उलटवली आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र घेतला. भाषिक राज्य कशासाठी मागितलं? नुसत्या पाटीसाठी नव्हे. सरकारचा कागद आपल्या भाषेत आपल्या हातात यावा म्हणून! सीमाभागातला मराठी माणूस आजही तेच मागतो. जो कायदा वाचता येत नाही, त्यातला चोर पकडता येत नाही.

म्हणून आपली मागणी साधी आहे.

एका बिलात एकच विषय.

प्रत्येक कलम आणि प्रत्येक दुरुस्ती मतदानाच्या आधी पंधरा दिवस मराठीत छापून हाती.

कंपनीची प्रत्येक देणगी नावानिशी उघड.

मत मागायला येईल त्या उमेदवाराला दारातच विचारा, "ह्या तिन्हीला हो म्हणतोस का?" गुळमुळीत बोलला तर माघारी पाठवा. गेटमीटिंगला हा कागद मोठ्यानं वाचा, ज्याला वाचता येत नाही त्याला समजावून सांगा.

गासडी उघडल्याशिवाय माल घेऊ नका!

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!