पर्यावरणाचा एक पेपर. बाकीच्या विषयांचं काय?



गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. इथे सावंगीत (मेघे) आमच्या शेजारची मुलगी ओसरीत बसून मोठमोठ्यानं पाठांतर करत होती. जिल्ह्यातल्याच एका महाविद्यालयात ती बी.ए. करते. तेवढ्यात तिची आई वावरातून आली. दिवसभर फवारणीसाठी पाणी वाहिलेलं, औषध कालवलेलं. ती हात धुवायला बसली आणि तिनं विचारलं,

"कायचा अभ्यास करून राहिली वं?"

"पर्यावरनाचा. उद्या पेपर हाय."

"थे काय असते?"

मुलीनं व्याख्या म्हणून दाखवली. जैविक घटक, अजैविक घटक, त्यांची परस्परक्रिया, सगळं न अडखळता. आईनं ऐकून घेतलं. मग हात चोळता चोळता म्हणाली, "मंग आपल्या वावरातलं इख त्याच्यात येते का नाई?"

"येते ना. कीटकनाशकांचे दुष्परिणाम, पाच मार्काले. पन तुया हाताचं नाई विचारत."

त्या मुलीचा काही दोष नाही. तिला जसं शिकवलं तसं ती बोलली. पण तिचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

महाविद्यालयांत हा विषय आला तो काही विद्यापीठांना सुचलं म्हणून नव्हे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं 22 नोव्हेंबर 1991 रोजी निकाल दिला, त्यात पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचा आदेश होता. बारा वर्षं तो बहुतेक कागदावरच राहिला. 2003 मध्ये न्यायालयानं पुन्हा कान उपटले, तेव्हा कुठे विद्यापीठ अनुदान आयोगाचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम सर्व शाखांच्या पदवीवर्गांना लागू झाला. आठ घटक, पन्नास तास. त्यातले प्रत्यक्ष बाहेर पडून पाहण्याचे तास किती? पाच.

आणि बाई त्या अभ्यासक्रमात कुठे होती? पाण्याच्या घटकात नाही, ऊर्जेच्या नाही, जमिनीच्या नाही. ती होती सातव्या घटकात. त्याचं शीर्षक 'मानवी लोकसंख्या आणि पर्यावरण'. लोकसंख्येचा स्फोट, कुटुंबकल्याण, एड्स, आणि त्यांच्या रांगेत 'महिला व बालकल्याण'. म्हणजे पाणी वाहणारी, सरपण गोळा करणारी, बियाणं जपणारी बाई पर्यावरणाच्या पुस्तकात आली ती गर्भाशय म्हणून. आपल्यातल्या कितीजणींनी हा अभ्यासक्रम तेव्हा उघडून पाहिला? मी नव्हता पाहिला. हे आपलंही चुकलंच.

2023 मध्ये आयोगानं नव्या शैक्षणिक धोरणाला धरून नवी मार्गदर्शक सूत्रं काढली. किमान चार श्रेयांक, हवामानबदल, कचरा, जैवविविधता असं बरंच काही त्यात आलं. त्याचं स्वागत करू. पण मूळ ढाचा तोच राहण्याची भीती आहे: पर्यावरणाचा एक पेपर, आणि तो संपला की बाकीचे विषय आपापल्या वाटेनं मोकळे.

हे सावंगीत बसून लिहिते आहे त्याला कारण आहे. एके काळचं हे शेतीचं गाव. 1990 मध्ये इथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, 2005 मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज वैद्यकीय, दंत, परिचर्या, भौतिकोपचार, अभियांत्रिकी अशा कितीतरी शाखांची मुलंमुली इथे शिकतात. आणि त्याच रस्त्यानं सकाळी बायका कापूस वेचायला, निंदायला जातात. शिकणाऱ्या मुली आणि राबणाऱ्या बाया रोज एकमेकींना ओलांडून जातात. प्रश्न एवढाच आहे, की एकीच्या पुस्तकात दुसरीचं आयुष्य येतं का?

आता एकेक शाखा घेऊ.

वैद्यकीयच्या विद्यार्थ्याला खोकला आणि दम लागलेली बाई तपासायची असते. बिडी ओढता का, हा प्रश्न ठरलेला. पण चूल कशावर पेटते, स्वयंपाकघराला खिडकी आहे का, हे कोण विचारतं? घरातल्या धुरामुळे 2020 या एका वर्षात जगभर सुमारे 32 लाख माणसं अकाली मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीपुढे कोण बसतं हे तुम्हा-आम्हाला सांगायला नको. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत दाखल झाले. फवारणारे बहुतेक पुरुष होते. पण औषध कालवणारी आणि नवऱ्याचे भिजलेले कपडे हातानं धुणारी बाई त्या मोजणीत यायची कशी? रुग्णाची माहिती घेताना 'तुम्ही काय काम करता' याला 'घरकाम' असं उत्तर आलं की डॉक्टरची लेखणी पुढे सरकते. ती थांबवायला शिकवणं हेच पर्यावरण शिक्षण.

दंतवैद्यकाचं पाहा. चांदी भरणं म्हणतो त्यात निम्म्याच्या आसपास पारा असतो. जपानच्या मिनामाटात कारखान्याचा पारा मासळीतून आयांच्या पोटात गेला. आयांना फारसा त्रास दिसला नाही, पण मुलं जन्मतःच अपंग निघाली. त्या गावाच्या नावानं 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि 2018 मध्ये भारतानं तो मान्य केला. दात भरायला शिकताना, उरलेला पारा कुठे जातो हे त्याच तासाला शिकवायला नको का?

परिचारिका पिवळ्या, लाल, पांढऱ्या, निळ्या डब्यांचे नियम पाठ करते. पण चुकीच्या पिशवीत टाकलेली सुई शेवटी कुणाच्या बोटात घुसते? सफाईच्या मावशीच्या. बहुतेक ठिकाणी तिची जात काय असते हेही आपल्याला ठाऊक आहे. ती मावशी परिचर्येच्या वर्गात एक तास बोलायला का उभी राहू नये?

अर्थशास्त्रात उत्पन्न मोजतात. 2019 च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत बिनमोल घरकामाला बाई दिवसाला सरासरी 299 मिनिटं देते, पुरुष 97, असं निघालं. विहीर आटली की बाईची मिनिटं वाढतात, पण देशाच्या हिशोबात एक पैसाही हलत नाही. कायद्याच्या वर्गात 2006 चा वनहक्क कायदा शिकवताना, पट्टा नवराबायको दोघांच्या नावे द्यावा लागतो हे कलम ठळक सांगा, आणि मग मुलींना आपापल्या घरचा सातबारा काढून त्यावर कुणाचं नाव आहे ते पाहायला लावा. अभियंत्यानं पंप बनवताना तो कुणाच्या पाठीवर बसणार याचं माप घ्यावं. मराठीच्या वर्गात जोतीराव फुल्यांचा 1883 चा 'शेतकऱ्याचा असूड' वाचताना, माती वाहून जाऊ नये म्हणून ताली-बंधारे बांधा असं त्यांनी सरकारला सुनावलं होतं, तिथे जरा थांबावं.

यात परकं काही नाही. वर्ध्यातच ऑक्टोबर 1937 मध्ये शिक्षण परिषद भरली आणि नयी तालीम जन्माला आली. तिचा गाभा 'समवाय' हा होता. गणित, इतिहास, विज्ञान वेगवेगळ्या कप्प्यांत न कोंबता हातातल्या कामातून शिकायचं. सेवाग्रामला स्वयंपाक आणि सफाई हेही शिक्षणच होतं, मुलांनाही. आशादेवी आर्यनायकम् यांनी त्यात आयुष्य घातलं. त्या प्रयोगाबद्दल आपले मतभेद असतील, माझेही आहेत. पण काही कोसांवर ही शिदोरी असताना आपल्या जिल्ह्यातल्या मुलीला फक्त व्याख्या पाठ कराव्या लागाव्यात, याची लाज वाटते.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. 'सगळ्या विषयांत' म्हणजे कुठेच नाही. सगळ्यांचं काम ते कुणाचंच नाही. हा वाद आपण स्त्री-अभ्यासाच्या वेळी घातलेला आहे. 1974 मध्ये श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठात स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र निघालं, 1986 पासून आयोगानं इतर विद्यापीठांतही केंद्रं काढायला मदत केली. त्यांनी मोठं काम केलं. पण कित्येक केंद्रं योजनेगणिक मुदतवाढीची वाट बघत कोपऱ्यात राहिली, आणि शेजारच्या अर्थशास्त्र विभागात बाई पूर्वीसारखीच अदृश्य. उलट जिथे स्वतंत्र केंद्र नव्हतं, तिथे आम्ही सगळ्या विषयांत स्त्रीप्रश्न घेतो असं म्हणून कुणीच काही घेतलं नाही. यातून मी शिकले ते हे, की कोपरा सोडायचा नाही आणि कोपऱ्यात बसायचंही नाही. स्वतंत्र पेपर राहू द्या, पण प्रत्येक विषयाच्या परीक्षेत त्या विषयाच्या अंगानं एक सक्तीचा प्रश्न असू द्या. ज्याला गुण असतात तेच वर्गात शिकवलं जातं, हे कटू असलं तरी खरं आहे.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. आधीच तासिका तत्त्वावर राबतो, त्यात हे ओझं. त्यांचं म्हणणं रास्त आहे. म्हणून जागा भरा, ही मागणी आपल्याही पत्रकात हवी. हे काम आणखी एका बिनपगारी बाईच्या गळ्यात पडता कामा नये.

आपल्या गटांनी काय करावं? आपल्या भागातल्या महाविद्यालयाचा पर्यावरणाचा अभ्यासक्रम मागवून बैठकीत वाचावा. त्यात बाई कुठे आहे, दलित-आदिवासी बाई कुठे आहे, यावर खुणा कराव्यात. अभ्यासमंडळांना लेखी सूचना पाठवाव्यात. आणि शेतमजूर बायांना, सफाई कामगारांना मानधन देऊन वर्गात बोलवा असा आग्रह धरावा. फुकट ज्ञान देण्याची सवय बायांना पुरेशी आहे.

शेजारची ती मुलगी पेपरात चांगल्या मार्कांनी पास झाली. तिची आई पुढच्या हंगामातही औषध कालवायला जाणार आहे. मी त्या मुलीला म्हटलं, सुटीत आपल्या गल्लीतल्या बायांचे हात पाहून, त्यांना विचारून एक वहीभर लिहून काढ. ती म्हणाली, "मावशी, याचे मार्क कोन देईल?"

तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. विद्यापीठांकडून ते मिळवायचं काम आपलं आहे.