स्टेजवर लाइट कोण टाकणार?

"नाटकाची पदवी कशाला? आमच्याकडे जत्रेच्या नाटकात लोक असेच उभे राहतात." नाटक शिकायचंय म्हटलं की घरी हे ठरलेलं. गोव्यात लोक खरंच उभे राहतात, आणि छान करतात. पण त्यांच्यावर प्रकाश कोणी टाकायचा?

आपल्याच एकांकिकेचं घ्या. भूमिकेसाठी 18 जण, प्रकाशयोजनेला एकही नाही. शेवटी लाइटवाला भाड्याने आणला. त्याला आपण संहिता दिलीच नव्हती. आई मरते त्या प्रवेशात स्टेज लालभडक! प्रेक्षक हसले. चूक त्याची नाही, आपली. नाताळचा गोठा करताना बल्ब गवतात कुठे लपवायचा यावर आम्ही तासभर भांडतो. नाटकासाठी मात्र कुणी भांडत नाही.

राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक असताना इब्राहिम अल्काझींनी 1963 मध्ये 'अंधायुग' केलं ते दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या भिंतींसमोर. महायुद्धानंतरच्या उद्ध्वस्त कौरवनगरीला रंगवलेला राजवाडा काय कामाचा? जागा निवडली तिथेच निम्मं नेपथ्य झालं. नाटकाचं शिक्षण म्हणजे माझ्या मते हे असं बघायला शिकणं. अभिनय त्यातला एक भाग, आणि नटालाही बाकीचं कळायला हवं.

असं शिकायला फार लांब जावं लागत नाही. पणजीत कला अकादमीचं नाट्य विद्यालय आहे, पुण्यात ललित कला केंद्र आहे. घरच्यांना पटवणं तेवढं अवघड.

पुढच्या एकांकिकेत मी भूमिका मागणार नाही, डिमरवर बसणार. वायरिंग कळणारं कुणीतरी सोबत हवंय.