घरातल्या छोट्या संगणकाची पारख

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार थांबवल्यापासून, आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले आणि अद्याप सुस्थितीत असलेले अनेक घरगुती संगणक विंडोज ११च्या अटींत बसत नसल्याने, नव्या यंत्रासाठी किती रकमेची तरतूद करावी हा प्रश्न मध्यमवर्गीय कुटुंबांपुढे उभा राहिला आहे. त्यावर बाजार एक तर स्वस्त लॅपटॉप दाखवतो, नाही तर तळहातावर मावेल एवढा मिनी संगणक. घरासाठी यांतला दुसरा मार्ग अधिक हितावह आहे, असे माझे ठाम मत आहे. पण प्रत्येक मिनी संगणक घेण्याच्या योग्यतेचा असतो, असे मात्र मी म्हणणार नाही.

घरातल्या संगणकाचे काम तरी काय असते? सातबाराचा उतारा काढणे, वीजबिल भरणे, प्राप्तिकराचे विवरणपत्र दाखल करणे, मुलांचे शालेय प्रकल्प, मराठीत चार पत्रे टंकित करणे आणि परगावी असलेल्या लेकीशी समोरासमोर बोलणे. एवढ्यासाठी, इंटेलने जानेवारी २०२३मध्ये आणलेला आणि अनेक स्वस्त मिनी संगणकांत आढळणारा चार गाभ्यांचा एन१०० हा प्रोसेसर पुरेसा समर्थ आहे. मोठे खेळ किंवा चित्रफितींचे अवजड संपादन त्याच्याकडून अपेक्षू नये.

प्रोसेसरच्या नावावर भाळलेला ग्राहक ज्या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष करतो, त्यांतच खरी मेख असते. विंडोज ११साठी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण ही किमान मर्यादा सांगितली जाते खरी. परंतु ती प्रणाली सुरू होण्याची मर्यादा आहे, सुखाने काम करण्याची नव्हे. ब्राउझरची आठ-दहा पाने, एखादा तक्ता आणि सोबत व्हिडिओ-संभाषण असा नित्याचा व्यवहार सुरू झाला की ४ जीबीचे यंत्र धापा टाकू लागते, आणि ६४ जीबीची ईएमएमसी साठवण, जी एसएसडीच्या मानाने मुळातच मंद असते, प्रणालीच्या अद्यतनांनीच भरून जाते. त्यातही रॅम मदरबोर्डाला कायमची जोडलेली असेल, तर पुढे दोन पैसे खर्च करून सुधारणा करण्याचा मार्गही खुंटतो. म्हणून निदान ८ जीबी रॅम, शक्यतो बदलता येणारी, आणि २५६ जीबीची एनव्हीएमई एसएसडी यांखाली उतरू नये.

विजेचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. साध्या कामात या यंत्राला सरासरी १५ वॅट लागतात असे धरले, तर रोज आठ तास वापरूनही महिन्याला साडेतीन युनिटांच्या आसपास वीज जाते. ८० वॅट घेणारी जुनी पेटी तेवढ्याच वेळात एकोणीस युनिटे खाते. मिनी संगणकाला स्वतःची बॅटरी नसल्याने दिवे गेले की तो तत्क्षणी बंद पडतो आणि न जतन केलेले लिखाण हातचे जाते, ही त्याची खरी उणीव होय. परंतु त्याची भूक इतकी अल्प आहे की लहानसा यूपीएसदेखील त्याला, मॉनिटरला आणि राउटरला बराच काळ सांभाळू शकतो. यूपीएसची ही रक्कम, तसेच कॅमेरा, माइक, कीबोर्ड आणि माउस यांची रक्कम मूळ किमतीत धरूनच लॅपटॉपशी तुलना करावी. घरचा जुना मॉनिटर केवळ व्हीजीए जोडणीचा असेल, तर एचडीएमआयवरून रूपांतर करणारा जोडही घ्यावा लागेल.

एवढा खर्च धरूनही माझे मत बदलत नाही, कारण लॅपटॉपच्या पडद्याशी मान वाकवून बसणाऱ्या आजोबांना आणि शाळकरी नातवाला, डोळ्यांच्या रेषेत ठेवलेला मोठा मॉनिटर आणि स्वतंत्र कीबोर्ड यांचे जे सुख आहे, त्याचे मोल मला फार वाटते. सर्वांच्या नजरेसमोर, बैठकीच्या खोलीत असलेला सामाईक संगणक मुलांच्या दृष्टीनेही श्रेयस्कर आहे.

खरेदीच्या वेळी दस्तऐवजांबाबत मात्र भिडस्तपणा नको. अनोळखी नावांच्या काही यंत्रांत मोठ्या संस्थांना घाऊक दिलेला विंडोजचा परवाना घालून दिलेला आढळतो, आणि तो घरगुती ग्राहकाच्या हक्काचा नसतो. तेव्हा परवाना कोणत्या प्रकारचा, अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी आहे की नाही, आणि हमीच्या मुदतीत यंत्र बिघडल्यास ते भारतात कोणत्या पत्त्यावर दुरुस्त होईल, हे विक्रेत्याकडून पैसे देण्यापूर्वी लेखी घ्यावे. तो लिहून देत नसेल, तर सवलत कितीही मोठी असली तरी ते यंत्र घेऊ नये.