पंचनामा हवाच, पण आधी ओटा हवा

गोंदियात बर्फ पडत नाही. तरी हिवाळ्यात राज्याच्या किमान तापमानाच्या यादीत तळाला जी नावे येतात, त्यांत गोंदियाचे नाव हमखास असते. समुद्र दूर, उत्तरेला बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड, मध्ये जंगल आणि तळी. आकाश निरभ्र असले की रात्रीतून जमीन झपाट्याने निवते. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेव्हा सारा पूर्व विदर्भ गारठला होता. पण कोरडी थंडी इथली माणसे सोसतात. शेकोटी पेटते, कामाची वेळ थोडी पुढे सरकते, दिवस निभतो. हिवाळा खऱ्या अर्थाने बिघडतो तो ढग आल्यावर.

उत्तरेकडून येणारे थंड, कोरडे वारे आणि बंगालच्या उपसागरावरून येणारे दमट वारे मध्य भारतावर भेटले की विजांसह पाऊस होतो, कधी गारा पडतात. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट महाराष्ट्र विसरलेला नाही. पूर्व किनाऱ्यावरच्या चक्रीवादळांचे शेपूटही इथवर पोहोचते. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग आंध्रच्या किनाऱ्यावर धडकले आणि पूर्व विदर्भात पाऊस झाला. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस मोंथा आले, तेव्हा हलके, म्हणजे लवकर येणारे धान कापणीला आले होते आणि बऱ्याच बांध्यांत (धानाच्या वाफ्यांत) कडपा पडलेल्या होत्या.

कडपा म्हणजे काय, हे धानपट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. धान कापले की लगेच बांधत नाहीत. मूठ-मूठ धान बांधीतच आडवे पसरून चार-पाच दिवस उन्हात वाळू देतात. मग भारे बांधून पुंजणे रचतात आणि सवडीने मळणी करतात. या चार-पाच दिवसांत पाऊस आला की लोंब्या चिखलात टेकतात. दोन दिवस ऊन पडले नाही तर दाण्याला कोंब फुटतो, टरफल काळवंडते, भरडताना तांदूळ तुटतो. उभे पीक वाऱ्याने लोळले तर काही तरी हाती लागते, पण भिजलेली कडप उलटून उलटून वाळवली तरी तिला पहिला भाव येत नाही. चार महिन्यांची मेहनत शेवटच्या आठवड्यात हातची जाते.

अशा वेळी पहिली मागणी होते पंचनाम्याची, आणि ती योग्यच आहे. ज्याचे गेले त्याच्या हातात पैसा पडला पाहिजे, नाही तर सोसायटीचे कर्ज थकते आणि उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकायला बियाणे उधारीवर आणावे लागते. नुकसानभरपाई ही मेहेरबानी नव्हे, तो शेतकऱ्याचा हक्क आहे. शिवाय ती थेट खात्यात जमा होते. गोदाम किंवा वाळवणीचे ओटे बांधायचे म्हटले की जागा, निविदा, ठेकेदार असा लांबचा फेरा सुरू होतो, आणि तोवर दोन हंगाम निघून जातात. भरपाईचा आग्रह धरणाऱ्यांचे हे म्हणणे खोटे ठरवता येणार नाही.

पण भरपाईची चौकटच मुळात उभ्या पिकासाठी बेतलेली आहे. गारपीट, शीतलहर आणि दहिवर ही केंद्राच्या आपत्तींच्या यादीत आहेत. अवकाळी पाऊस त्या यादीत नाही, त्यासाठी राज्याला आपला निर्णय घ्यावा लागतो. नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधीवर पोहोचेपर्यंत शेतकऱ्याने कडपा उचलून बांधावर टाकलेल्या असतात, कारण त्या तशाच ठेवल्या तर उरलेलेही सडते. उचलल्या तर पुरावा जातो, ठेवल्या तर धान जाते. आणि जे धान मळून खरेदी केंद्राच्या आवारात आले आहे पण ज्याचा काटा झालेला नाही, ते सहसा कोणाच्याच हिशेबात बसत नाही.

पीकविम्याने ही फट बुजवली होती. कापून पसरलेल्या पिकाचे १४ दिवसांच्या आत नुकसान झाले तर ७२ तासांत कळवायचे, अशी तरतूद होती. २०२३ मध्ये एक रुपयात विमा आला. त्यात गैरप्रकार झाले हे खरे, आणि सरकारी तिजोरीवर बोजा पडला हेही खरे. २०२५ च्या खरिपापासून राज्याने ती योजना गुंडाळली. शेतकऱ्याचा हप्ता पुन्हा दोन टक्के झाला आणि भरपाई फक्त पीककापणी प्रयोगाच्या सरासरीवर ठेवली. स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान हे दोन्ही भाग वगळले गेले. खोटे अर्ज रोखायचे होते तर तपासणी कडक करायची होती. सरासरीत एका गावाची गारपीट बुडून जाते. धान पाण्याखाली जाणे हे खरीप २०२६ पासून स्थानिक आपत्तीत पुन्हा धरण्याचे केंद्राने ठरवले आहे, ही चांगली गोष्ट आहे. कडपांचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. काढणीपश्चात नुकसानाचे संरक्षण धान पिकाला तरी परत मिळाले पाहिजे, यावर तडजोड नको.

आता दुसरी बाजू. धान वाचवायचे म्हटले तर वाळवायला कोरडी जागा आणि ठेवायला छप्पर लागते. हमीभावाच्या खरेदीत १७ टक्क्यांहून जास्त ओलावा चालत नाही. २०२५-२६ साठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे, पण तो कोरड्या धानाचा. हार्वेस्टरने कापलेले धान ओलेच हाती येते. ते वाळवायला जागा नाही म्हणून शेतकरी डांबरी रस्त्याची एक बाजू धरतो, कडेला दगड लावतो आणि रात्री धुक्यात त्याच दगडांवर दुचाकी आदळते. वाहनचालकांची तक्रार रास्त आहे आणि बंदीचा आदेश काढणे सोपेही आहे. पण शेतकऱ्याने धान न्यायचे कुठे, याचे उत्तर त्या आदेशात नसते.

खरेदी केंद्रांवरची अवस्था याहून बरी नाही. पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ यांच्यासाठी सहकारी संस्था धान घेतात. गोदाम भरले की कट्टे उघड्यावर, ताडपत्रीखाली थप्पीने रचले जातात. गिरण्यांची भरडाई रखडली की ते कट्टे महिनोन्महिने हलत नाहीत. धान सुकून वजन घटते, खालचा थर ओल धरतो, आणि तुटीचा भार संस्थेच्या माथी येतो. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव भागातल्या संस्थांसाठी हे दरवर्षीचे दुखणे आहे. खरेदी उशिरा सुरू झाली किंवा बारदाना संपला, तर ज्याला पैशाची घाई आहे तो छोटा शेतकरी ढग पाहून व्यापाऱ्याला कमी भावात माल देऊन मोकळा होतो. त्या तोट्याचा पंचनामा कधीच होत नाही.

ओटे आणि गोदामे वर्षातले दोन-तीन महिनेच कामाला येतील, एवढा खर्च कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. या जिल्ह्यात खरिपाबरोबर उन्हाळी धानही होते आणि मे महिन्यातला अवकाळी पाऊसही धानाला सोडत नाही. सिमेंटचा ओटा ग्रामपंचायतीला वर्षभर उपयोगी पडतो.

सोय नसेल तर हवामानाच्या इशाऱ्यांचाही फारसा उपयोग होत नाही. नागपूरचे प्रादेशिक हवामान केंद्र आता जिल्हानिहाय इशारा देते, तो मोबाइलवर येतो. पण पुढच्या दोन दिवसांत पाऊस आहे हे कळल्यावर एकाच वेळी साऱ्या गावाला मजूर कुठून मिळणार? इशारा आणि सोय यांची वेळ जुळली नाही तर काय होते, हे बर्फाच्या देशातही दिसले आहे. अमेरिकेतल्या बफेलो शहराला बर्फ नवा नाही. डिसेंबर २०२२ च्या हिमवादळाचा अंदाज तिथे कित्येक दिवस आधी होता, तरी रस्त्यावर वाहनबंदी लागू झाली ती लोक कामाला निघाल्यानंतर. त्या वादळात चाळीसहून अधिक माणसे दगावली.

थंडीच्या बाकीच्या अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांचे मार्ग सोपे आहेत. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊनंतर भरवाव्यात असा निर्णय राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. तो पाळला जातो की नाही, एवढेच पाहायचे आहे. बरौनी-गोंदियासारख्या गाड्या उत्तरेतल्या धुक्यात अडकून तासन्‌तास उशिरा येतात. त्यावर इथून करता येण्याजोगे फार थोडे आहे, स्थानकावर वेळेत खरी माहिती द्यावी एवढे तरी व्हावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका, हे मात्र गावोगावी दवंडी देऊन सांगण्यासारखे आहे.

दोन्ही बाजू तोलल्यावर माझे मत असे: पैसा अपुरा असेल तर पहिला रुपया धान वाचवण्यावर खर्च व्हावा आणि भरपाईचा हक्क जसाच्या तसा राहावा. जिल्हा नियोजन समितीने पुढच्या आराखड्यात प्रत्येक खरेदी केंद्राला वाळवणीचा ओटा आणि पुरेशा ताडपत्र्या यांसाठी स्वतंत्र तरतूद करावी. सुरुवात देवरी आणि सालेकसा या आदिवासी तालुक्यांपासून करावी. आणि हलके धान निघते तेव्हाच, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, केंद्रांवर काटे सुरू व्हावेत.