लखोट्यावरची एक ओळ

समजा तुम्ही मीरा रोडला राहता आणि शाळेच्या प्रदर्शनासाठी आपल्या शहराचं एक वेबपान तयार करताय. घोडबंदरचा किल्ला झाला, उत्तनचा किनारा झाला, जेसल पार्कची चौपाटीही झाली. राहिली शहराची माहिती. ती कोण टाइप करत बसणार! मराठी विकिपीडिया 2003 सालापासून आहे, त्यावर ‘मीरा-भाईंदर’ हा लेखही आहे. मग पान उघडताच त्याचा पहिला परिच्छेद आपोआप तिथून यावा, अशा जावास्क्रिप्टच्या चार ओळी तुम्ही लिहिल्या.

पान उघडलं, तर माहितीच्या जागी कोरा चौकोन! एफ-12 दाबून पाहिलं, तर लाल अक्षरांत तक्रार : ‘ब्लॉक्ड बाय कॉर्स पॉलिसी’.

नेट तर चालू आहे. मग अडवलं कुणी? विकिपीडियाने? छे! अडवलं तुमच्याच ब्राउझरने. आणि गंमत म्हणजे तुमचा निरोप तिकडे पोचला होता, उत्तरही आलं होतं. ब्राउझरने ते फक्त तुमच्या पानाच्या हाती दिलं नाही.

असा आगाऊपणा तो का करतो? जरा विचार करा. एका खिडकीत बाबांनी बँकेचं खातं उघडलंय आणि दुसऱ्या खिडकीत तुम्ही विनोदांचं एखादं पान. बँक बाबांना ओळखते ती कुकी नावाच्या छोट्या चिठ्ठीवरून, आणि ती चिठ्ठी ब्राउझरजवळ असते. विनोदाच्या पानाने गुपचूप बँकेला निरोप धाडला, सोबत चिठ्ठी गेली, आणि आलेलं उत्तर त्या पानाला वाचता आलं, तर? खात्यात किती रुपये आहेत ते तिऱ्हाइताला कळलंच की! 1995 साली नेटस्केपने जावास्क्रिप्ट आणली आणि त्याच सुमारास हा नियमही आला : एका ठिकाणच्या पानाने दुसऱ्या ठिकाणचं उत्तर वाचायचं नाही.

‘ठिकाण’ म्हणजे ओरिजिन. ते ठरतं तीन गोष्टींवरून : सुरुवातीचं एचटीटीपी की एचटीटीपीएस, मग साइटचं नाव, मग पोर्टचा नंबर. तिन्ही जुळले तरच ठिकाण एक. भाईंदरचंच घ्या ना. नाव एकच, पण पश्चिमेचा पिन 401101 आणि पूर्वेचा 401105. ब्राउझर असाच काटेकोर आहे. नावामागचा एक ‘एस’ गळला तरी त्याच्या लेखी गाव बदललं.

पण मग सगळ्यांनाच खुली असलेली माहिती कशी द्यायची? त्यासाठी कॉर्स, म्हणजे क्रॉस-ओरिजिन रिसोर्स शेअरिंग. जानेवारी 2014 मध्ये ते अधिकृत मानक झालं. युक्ती साधी आहे : उत्तर पाठवणारा सर्व्हर लखोट्यावर एक ओळ लिहितो, ‘ॲक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिन’, आणि पुढे ज्याला वाचायची मुभा आहे त्याचं ठिकाण. ब्राउझर ती ओळ बघतो आणि मगच लखोटा फोडू देतो. खोडायचं-बदलायचं अशी नाजूक कामं असतील, तर तो आधी ‘ऑप्शन्स’ नावाची विचारणा पाठवतो. सोसायटीचा वॉचमन इंटरकॉमवरून ‘पाठवू का वर?’ म्हणतो ना, तसंच!

विकिपीडियाचं तर आणखी सोपं. प्रश्नाच्या पत्त्यात ‘ओरिजिन=*’ एवढं जोडा (टाइप करताना इंग्रजी अक्षरांत, बरं का), की लखोट्यावर चांदणी येते. चांदणी म्हणजे कुणीही वाचा. मात्र तेव्हा विकिपीडिया तुम्हाला अनोळखी पाहुणाच समजतो आणि जे सर्वांना खुलं आहे तेवढंच देतो. कोरा चौकोन भरला!

आता उलट बाजू. सर्व्हर तुमचाच असेल तर? समजा तुमच्या सोसायटीच्या साइटवर दोन गोष्टी आहेत : पाणी कधी येणार याची सूचना आणि कुणाचा किती मेंटेनन्स थकलाय त्याची यादी. सूचनेला खुशाल चांदणी द्या. अपाचे असेल तर ‘हेडर सेट’, एन्जिनएक्स असेल तर ‘ॲड हेडर’, त्यापुढे ती ओळ, झालं काम. थकबाकीच्या यादीला मात्र चांदणी नको. कुकी सोबत असेल तर ब्राउझर तसाही चांदणी मानत नाही. इथे काही मोठी माणसंसुद्धा एक भलताच उपाय करतात. जो विचारेल त्याचंच नाव लखोट्यावर लिहून मोकळे, वर ‘कुकी चालेल’ अशी परवानगी! हे चांदणीपेक्षा वाईट. मघाचं ते विनोदाचं पान आता शेजारच्या काकूंची थकबाकी आरामात वाचेल. त्यापेक्षा ओळखीच्या ठिकाणांची यादी ठेवा आणि विचारणारा तिच्यात असेल तरच त्याचं नाव लिहा. एका लखोट्यावर एकच नाव मावतं, म्हणून सोबत ‘व्हेरी : ओरिजिन’ही लिहा, नाहीतर एकाचा साठवून ठेवलेला लखोटा दुसऱ्याच्या हाती जाईल.

आणि हो, ही राखण करतो तो ब्राउझर. ब्राउझर न वापरता एखाद्या साध्या प्रोग्रॅमने निरोप पाठवला, तर लखोट्यावरची ओळ कुणी वाचतही नाही. तेव्हा थकबाकीच्या यादीला लॉगिनचं कुलूप हवंच.

एवढं करूनही लाल ओळ दिसलीच, तर दोन जागा तपासा. एन्जिनएक्सची फाइल बदलल्यावर त्याला रीलोड करायला सांगितलंत का? आणि परवानगीच्या ठिकाणाच्या शेवटी तिरकी रेघ तर राहिली नाही ना? ती एक रेघ असली, तरी ब्राउझर म्हणतो, हे नाव वेगळं!